संदर्भ कसा द्यावा

मंडळाकडे छापण्यासाठीं येणारे लेख आधीं वाचून पाहण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें प्रस्तुत लेखकाकडे आहे. लेखांतील मजकूर बहुधा परिश्रमाचा असतो. पण तळटिपांकडे वळलें म्हणजे मन खट्टू होतें. ‘एका जुन्या कागदावरून’, ‘आमच्या संग्रहांतील पोथींत’, ‘ग्रँट डफ, पृ. २१२’ अशा टिपांनीं लेखकाजवळ कांहीं आधार आहे एवढें कळतें, पण त्या आधारापर्यंत वाचकाला जातां येत नाहीं. यांतून काय अनर्थ होतो, हें सांगण्यास दुसऱ्याचें उदाहरण शोधावयास नको. माझेंच आहे.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका मित्राच्या घरच्या दप्तरांतील, वतनाच्या तंट्यासंबंधीचें एक मोडी पत्र मीं छापलें. टिपेंत ‘एका स्नेह्याच्या दप्तरांतून’ एवढेंच लिहिलें, आणि तारीख म्हणून ‘जानेवारी १७५७’ असें देऊन मोकळा झालों. पुढें मित्र वारला, वाडा पाडून तेथें इमारत उभी राहिली, आणि रुमाल कोणाकडे गेले तें त्याच्या मुलांनाही सांगतां येईना. गेल्या वर्षीं त्याच गांवच्या पाटिलकीचा अभ्यास करणारा एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्याजवळ १७५६ च्या मे महिन्यांतील एक महजर आहे. माझें पत्र त्या महजराच्या आधींचें कीं नंतरचें, यावर तंटा अखेर कोणाच्या बाजूनें तुटला हें ठरावयाचें होतें. त्यानें विचारलें, “सर, मुळांत साल काय होतें?”

मला आठवतें तें असें. कागदाची कड उंदरांनीं कुरतडलेली होती. ‘छ ३ जमादिलावल’ स्वच्छ होतें, ‘खमसैन मया व अलफ’ हेंही स्वच्छ होतें; पण त्याआधींच्या एकंवाचक शब्दाचा आरंभींचा ‘स’ तेवढा शाबूत होता. मीं तो शब्द ‘सबा’ असा वाचला. परंतु सुहूर सनाच्या संख्याशब्दांत सलास, सित, सबा आणि समान हे चारही ‘स’नेंच सुरू होतात! सलास म्हणजे ११५३ धरलें तर ही तिथि १७५३ च्या मार्चांत पडते. सित धरलें तर १७५६ च्या फेब्रुवारींत, सबा धरलें तर १७५७ च्या जानेवारींत, आणि समान धरलें तर १७५८ च्या जानेवारींत. पहिलीं दोन सालें महजराच्या आधींचीं, पुढचीं दोन नंतरचीं. मीं ‘सबा’ कशावरून निवडलें? पुढच्या अक्षराचा कांहीं अवशेष दिसला असेल, किंवा त्या वेळीं मनांत असलेल्या सिद्धान्ताला तें साल सोईचें असेल. आज खात्रीनें सांगतां येत नाहीं. ‘स[बा?] खमसैन मया व अलफ’ असें कंसासह छापलें असतें तर संशय कोठें आहे तें तरी त्या तरुणाला दिसलें असतें.

म्हणून तारखेचा पहिला नियम असा, कीं ती कागदावर जशी असेल तशी आधीं उतरावी. इंग्रजी रूपान्तर तिच्या पुढें, आणि तें आपलें आहे हें दाखवून द्यावें. रूपान्तरांत चुका होण्यास जागा पुष्कळ. सुहूर सन मृगाला बदलतो. त्यामुळें डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ मिळवावे लागतात आणि जानेवारीपासून ६००. पानिपतचा दिवस शके १६८२ पौष शुद्ध ८, म्हणजे १४ जानेवारी १७६१. सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, ११६१. येथें ५९९ मिळविणारा एक संपूर्ण वर्ष मागें जाईल. सतराव्या शतकांतील कागदांत आणखी एक खड्डा आहे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३ ला झाला. त्याची रूढ तारीख ६ जून १६७४ ही जुन्या गणनेची. पोर्तुगीजांनीं नवी गणना १५८२ सालींच स्वीकारली होती, इंग्रजांनीं ती १७५२ सालीं स्वीकारली. तेव्हां मुंबईच्या इंग्रजांचा ६ जून तोच गोव्याच्या कागदांत १६ जून. एकाच टिपेंत दोन्हीकडील कागद घेणाऱ्यानें ‘जुनी’ किंवा ‘नवी’ हा शब्द लिहिलाच पाहिजे, नाहीं तर दहा दिवस हवेंत राहतात.

आतां ठिकाणाविषयीं. अप्रकाशित कागद असल्यास दप्तराचें नांव, रुमालाचा क्रमांक, आंतील कागदाचा क्रमांक, आणि खासगी संग्रह असेल तर मालकाचें नांव, गांव व आपण कागद पाहिला तें साल, हें सर्व द्यावें. सालाला कोणी महत्त्व देत नाहींत. पण संग्रह फुटल्यावर त्याचा माग तेथूनच लागतो. छापील साधनांत पृष्ठापेक्षां लेखांक टिकाऊ, कारण पुनर्मुद्रणांत पानें हलतात; राजवाड्यांच्या खंडांचा निर्देश खंड व लेखांक यांनीं करण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. ग्रँट डफचा इतिहास १८२६ सालीं तीन भागांत निघाला आणि एडवर्ड्सची सटीप आवृत्ति १९२१ सालीं दोन भागांत. आवृत्ति व भाग यांवांचून ‘पृ. २१२’ला अर्थ नाहीं. तुकोबांच्या अभंगांचे अनुक्रमही गाथेगणिक निराळे.

पोथीला पृष्ठें नसतात, पत्रें असतात. पत्रांक आपल्याकडे बहुधा पत्राच्या मागल्या बाजूवर घातलेला असतो, दक्षिणेकडे पुढल्या बाजूवर. तो पाहून ‘पत्र १२ अ’ (पुढली बाजू) किंवा ‘१२ ब’ (मागली) असें लिहावें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील सरकारी संग्रहाच्या पोथ्यांना क्रमांकाबरोबर संग्रहाचें सालही असतें. साल गाळलें तर त्याच क्रमांकाच्या अनेक पोथ्या पुढें येतात.

उसन्या आधाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. एका ग्रंथांत दुसऱ्याचें अवतरण पाहावयाचें, आणि टिपेंत मात्र मूळ ग्रंथच पाहिल्याचा आव आणावयाचा, ही खोड आजकालची म्हणून सांगतात. ती फार जुनी आहे. परंतु तिच्यावरील उपायही आपल्या निबन्धकारांनीं फार पूर्वींच करून ठेवला आहे. १६१२ सालच्या निर्णयसिन्धूंत कमलाकरभट्ट ‘हेमाद्रौ’ किंवा ‘माधवीये’ असें म्हणून मग स्मृतिकाराचें नांव घेतात. म्हणजे वचन त्या स्मृतिकाराचें, पण तें मिळालें हेमाद्रीच्या ग्रंथांत, हें एका सप्तमीनें सांगून टाकलें. देवगिरीच्या यादवांच्या या मंत्र्यानें जपून ठेवलेल्या वचनांपैकीं अनेकांचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहींत. तेव्हां ती सप्तमी हाच आपला खरा पत्ता. आपणही ‘अमुक पत्र, तमुकांच्या ग्रंथांत उद्धृत’ असें लिहिण्यास कां लाजावें? मधल्या लेखकाची वाचनचूक आपल्या माथीं येत नाहीं, हा त्यांत लाभच आहे.

संगणकावरील छायाप्रती पाहणारांस एक सूचना. पडद्याच्या कडेला दिसणारा आकडा हा छायाचित्रांचा क्रम असतो. मुखपृष्ठ, कोरीं पानें, प्रस्तावना धरून तो छापील पृष्ठांकाच्या पुढें पळतो. पानावर छापलेला आकडाच द्यावा. पोथीच्या छायाचित्रांत तर कधीं एका चित्रांत दोन पत्रें असतात.

माझें तें पत्र असलेला अंक ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं कृपा करून ‘जानेवारी १७५७’ यापुढें प्रश्नचिन्ह करून ठेवावें. आणि ‘खमसैन’च्या डावीकडे उंदरानें कुरतडलेली कड असलेलें, छ ३ जमादिलावलचें वतनपत्र कोणाच्या रुमालांत आढळल्यास मंडळास कळवावें.