मज्जातंतूंना वाट कशी सापडते?

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी चिलटाएवढी माशी सर्वांच्या परिचयाची आहे. आंब्याची व कारल्याची नासाडी करणारी फळमाशी ती ही नव्हे. 'ड्रॉसोफिला' नावाच्या या लहानशा माशीमुळे जीवशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाचा उलगडा होण्यास मोठे साहाय्य झाले आहे.

प्रश्न असा की, गर्भाची वाढ होत असताना मज्जापेशीतून निघालेला तंतू दूरच्या नेमक्या ठिकाणी पोहोचतो, तो कसा? या तंतूच्या टोकाशी 'वृद्धिशंकू' असतो. भोवतालच्या रासायनिक खुणा ओळखीत तो पुढे सरकतो.

माशीचा गर्भ अंड्यात सुमारे एका दिवसात पूर्ण वाढतो. त्याच्या मज्जारज्जूची रचना शिडीसारखी असते. बहुसंख्य तंतू शरीराची मध्यरेषा एकदाच ओलांडतात. पुन्हा परतत नाहीत. ही शिस्त बिघडलेल्या माश्यांचा शोध अमेरिकेतील कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९३ साली प्रसिद्ध केला. काही गर्भांत तंतू मध्यरेषा पुनःपुन्हा ओलांडून गोल फिरत. त्यास कारण असलेल्या जनुकास रस्त्यावरील वाहतूक-वर्तुळावरून 'राउंडअबाउट', संक्षेपाने 'रोबो', हे नाव मिळाले. 'कमिशरलेस' जनुक निकामी असलेल्या गर्भांत मात्र तंतू पलीकडे जातच नसत.

यामागील कार्यपद्धती पुढे स्पष्ट झाली. मध्यरेषेवरील पेशी 'नेट्रिन' व 'स्लिट' ही प्रथिने स्रवतात. नेट्रिन तंतूस जवळ ओढते, स्लिट दूर लोटते. स्लिटची जाणीव तंतूस रोबो प्रथिनामुळे होते. मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी कमिशरलेस हे प्रथिन रोबोला तंतूच्या पृष्ठभागावर येऊ देत नाही. त्यामुळे तंतू निर्वेधपणे पलीकडे जातो. त्यानंतर हा अटकाव दूर होतो, रोबो पृष्ठभागावर येतो आणि परतीची वाट बंद होते.

मानवातही रोबो कुळातील जनुके आहेत. 'रोबो-३' या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास मेंदूच्या खालच्या भागातील काही तंतू मध्यरेषा ओलांडीत नाहीत, असे २००४ साली आढळून आले. अशा मुलांना जन्मापासून डोळे डावी-उजवीकडे वळविता येत नाहीत आणि वाढत्या वयाबरोबर पाठीचा कणा वाकत जातो. हा विकार अत्यंत दुर्मीळ आहे. तथापि, वाचताना डोळ्यांऐवजी सतत मानच वळविणारे मूल वर्गात दिसल्यास, ती वाईट खोड न मानता त्याची वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट होय.