चूक कोणाची?

मुलांनो, आकाशवाणीची ती सुरुवातीची धून तुम्ही ऐकली आहे का? आमच्या उर्से गावी पहाटे ती वाजली, की चुली पेटायच्या! तिचं श्रेय वॉल्टर काउफमान यांना देतात. जर्मन बोलणारे हे ज्यू संगीतकार पियानो वाजवत, वाद्यवृंदही चालवत. हिटलरच्या राजवटीत ज्यूंना जगणं कठीण झालं, तेव्हा १९३४ साली ते मुंबईला आले. पुढे मुंबई रेडिओवर लागले.

आपलं संगीत त्यांना आधी मुळीच कळेना. पण गडी हट्टी! लाखो लोकांना जे आवडतं, ते वाईट कसं असेल? चूक माझीच, असं म्हणून ते शिकत राहिले. १९६८ साली त्यांनी उत्तर भारतातल्या रागांवर जाडजूड ग्रंथच लिहिला.

मग, तुमचा तो नावडता विषय पुन्हा एकदा उघडून बघता ना?