शाळेची परसबाग आणि मे महिना



पावसाळ्यात शाळेमागच्या जागेत मुलांनी वाफे केले. हिवाळ्यात तिथला पालक, मेथी पोषण आहाराच्या पातेल्यात पडली. साऱ्या गावाला कौतुक वाटलं. मग मे उजाडतो. शाळेला सुटी, गुरुजी आपल्या गावी, आणि विदर्भात पारा 45 अंशांच्या घरात. सुटीनंतर मुलं येऊन पाहतात तो वाफ्यात नुसत्या काड्या! शाळांनी परसबागा कराव्यात म्हणून केंद्र सरकारने 2019 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. पण बाग जगते ती पाण्याच्या हिशेबावर. तो हिशेब आज मांडू या.

कडक उन्हाळ्यात एक चौरस मीटर वाफ्याला रोज साधारण 6 ते 7 लिटर पाणी लागतं. म्हणजे 20 चौरस मीटरला 120 ते 140 लिटर. पंधरा लिटरचे आठ-नऊ हंडे झाले. आणि हे हंडे कुणाच्या डोक्यावरून यायचे? बहुधा आयाबायांच्याच. म्हणून मोकळी जागा पाहून बाग आखू नका. मे महिन्यात पाणी किती मिळेल ते पाहून आखा. दोनच हंडे मिळत असतील तर चार-पाच चौरस मीटरच राखा. हातपंपाच्या ओट्यावरून वाहून जाणारं पाणी चारी काढून वाफ्याकडे वळवा.

आता पाणी वाचवायचं कसं? उन्हाळ्यात वाफे उंच नकोत, खोलगट करा. पावसाळा आला की मात्र गादीवाफेच बरे. मातीवर दोन-तीन बोटं पाचट किंवा पालापाचोळा पसरा. खोडाला तेवढा चिकटू देऊ नका. पश्चिमेला तुराट्यांचा ताटवा उभा करा. पाणी उन्हं उतरल्यावर किंवा पहाटे द्या.

वेलांसाठी मडक्याची युक्ती चांगली. न रंगवलेलं, पाझरणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. मडक्यापासून वीतभर अंतरावर दुधी, दोडका किंवा कारल्याचं बी लावा. माती सुकेल तसं मडकं पाझरतं आणि पाणी थेट मुळांशी जातं.

पिकंही ऋतू पाहून घ्या. भर उन्हात टोमॅटोची फुलं गळतात, पालक तग धरत नाही. गवार, भेंडी, चवळी, तांदुळजा ही उन्हाळ्याची माणसं! कुंपणाला एक शेवगा असू द्या. त्याचा पालाही पौष्टिक. दुपारी पानं मान टाकतात, तेव्हा लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती सावरली नाहीत, तर बोट मातीत खुपसून ओल पाहा.

शेवटी पाळी. "सगळ्यांची बाग" म्हणजे बहुधा कुणाचीच नाही, हे आपण जाणतोच. तेव्हा गुरुजी, सुटी लागण्यापूर्वी पालकांना बोलवा. सात घरं, सात वार; नावं भिंतीवर खडूने लिहा. सुटीत ज्याची पाळी, त्या दिवशीची भाजी त्याच्याच घरी जाऊ द्या. ज्याने हंडा आणला, त्याच्या ताटात गवार पडली, तर पुढच्या आठवड्यात तो न बोलावता येईल.

आणि शाळा उघडेल त्या दिवशी मुलांना हिरवा वाफा दिसेल. बरं तर, राम राम!