दिवा माझा, डोळे समोरच्याचे

रात्रीच्या प्रवासाहून परतलेला कोणीही हल्ली आधी एकच तक्रार सांगतो: समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी डोळे दिपून गेले. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एसटीच्या थांब्यावर हा विषय निघाला की प्रत्येकाजवळ एक किस्सा असतोच. आणि जरा खोदून विचारले, तर यांतल्या दोघा-तिघांच्या स्वतःच्या गाडीलाही मूळचा बल्ब काढून दुसरा, पांढराशुभ्र बसवलेला निघतो. 'काय करणार, आपला उजेडच कमी पडतो ना!' हे त्यावरचे उत्तर. आपला उजेड कमी पडतो, कारण समोरच्याचा डोळ्यांत जातो. त्याचेही आपल्याविषयी हेच म्हणणे असते.

माझा पुतण्या डिसेंबरच्या अखेरीस एका रविवारी साताऱ्याला आमच्याकडे आला, तो हातात खोका घेऊनच. पुण्याच्या नाना पेठेतून आणलेले एलईडी बल्ब. तो एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो. मध्यरात्रीनंतर बावीस किलोमीटर दुपदरी रस्त्याने गावी परततो. गळिताच्या हंगामात या रस्त्यांवर रात्रभर उसाची वाहतूक चालते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मधूनच बैलगाड्या. ऊस मागे असा लोंबत असतो की दिवा किंवा रिफ्लेक्टर असलाच तर तो झाकला जातो. तीन दिवसांपूर्वी समोरून एक गाडी आली, सगळे पांढरे झाले, आणि ती शेजारून निघून गेली तेव्हा ऐन पुढ्यात ट्रॉली उभी होती. वेग बेताचा होता म्हणून ब्रेक लागला. उसाची टोके बॉनेटला टेकली. हे त्याने आईला सांगितले नव्हते. मला सांगितले, आणि वर म्हणाला, "काका, आता आपणही तसलाच लाइट बसवू. समोरचा डिप्पर देत नाही, तर आपणच का द्यायचा?"

मी पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षे विद्युतशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर अशी कामे आमच्या अंगणात आपोआप चालत येतात. त्याला म्हटले, संध्याकाळपर्यंत थांब. बल्ब बदलायचा की नाही ते भिंत ठरवील.

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. पूर्वीच्या गाड्यांच्या हेडलाइटवर मधोमध काळा ठिपका रंगवलेला असे. उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून केलेला तो भाबडा उपाय. खरा उपाय आत असतो. युरोपात १९७१ साली आलेला एच-४ हा हॅलोजन बल्ब आपल्याकडच्या लाखो गाड्यांत आहे. त्यात दोन तारा असतात. अप्परची ६० वॉटची आणि डिप्परची ५५ वॉटची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून उजेड खाली रस्त्यावर फेकला जातो. म्हणून भिंतीवर पाहिले तर डिप्परच्या उजेडाला वर एक रेघ असते: रेघेखाली प्रकाश, वर अंधार. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे ती रेघ डाव्या बाजूला जरा वर चढते. कडेने चालणारा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत, इतका विचार त्या वाटीत आणि परावर्तकात आहे.

हे सारे गणित तार अमुक जागी आहे, या गृहीतावर उभे असते. तिच्या जागी एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या एलईडीच्या चकत्या आल्या, आणि त्या थोड्या जरी पुढेमागे असल्या, तरी परावर्तक उजेड भलतीकडे भिरकावतो. झेनॉनची बाजारू किट बसवली की आणखी गंमत. डिप्परवर एच-४ सुमारे १००० ल्युमेन उजेड देतो. झेनॉन दिवा ३००० च्या वर. १९९१ साली बीएमडब्ल्यूने झेनॉन आणला तो त्याच्यासाठी बनवलेल्या दिव्यात. युरोपच्या नियमांत २००० ल्युमेनच्या वरचा डिप्पर असेल, तर दिव्याची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे लागतात. आपल्याकडे हे सगळे बाजूला ठेवून बल्ब तेवढा खोक्यातून येतो. खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो, आणि आकडा मोठा असला की आपल्याला वस्तू चांगली वाटते.

संध्याकाळ व्हायला वेळ होता. गाडी बारा वर्षांची. हेडलाइटचे प्लास्टिक पिवळट, गढूळ झालेले. हे पॉलिकार्बोनेट असते. त्यावरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ते असे होते. कडेने रंगाला चिकटपट्टी लावली आणि पाणी सोडत आधी ८०० नंबरचा, मग १५०० चा, मग ३००० चा पॉलिश पेपर फिरवला. सुरुवातीला प्लास्टिक पांढरे पडते आणि पोराचा चेहराही पडतो; पण पुढे पॉलिश लावल्यावर आरपार दिसू लागते. शेवटी अतिनील किरण अडवणाऱ्या लॅकरचा हात द्यायचा. टूथपेस्टने घासण्याचा जो उपाय सांगतात, त्यात हा शेवटचा हात नसतो, म्हणून काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा होतो.

मग व्होल्टमीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या होल्डरपाशी १२.४. मधले दीड व्होल्ट बारीक वायर, जुनाट स्विच आणि गंजलेली अर्थिंग यांनी खाल्ले होते. दीड व्होल्ट म्हणजे फार वाटत नाही. पण तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. सरळ भाषेत, दहा टक्के दाब घटला की उजेड तीस टक्क्यांनी घटतो. पुतण्याच्या गाडीचा एकतृतीयांश उजेड वायरीतच मुरत होता, आणि तो मात्र नवा बल्ब घेऊन आला होता! बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर ओढली, दोन रिले बसवले, अर्थिंग घासून घट्ट केली. आता स्विच फक्त रिलेला हुकूम देतो; खरा प्रवाह जाड वायरीतून जातो. होल्डरपाशी १३.५ व्होल्ट मिळाले. बल्ब तोच, ६०/५५ चा. (अलीकडच्या गाड्यांत दिव्यांचा कारभार संगणकाकडे असतो, तिथे हा उद्योग करू नये. आणि १००/९० वॉटचे बल्ब जुन्या वायरिंगवर लावून होल्डर वितळवणारे लोक मी बरेच पाहिले आहेत.)

अंधार पडल्यावर गाडी समोरच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीपुढे दहा मीटरवर सपाट जागी उभी केली. टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर होता. भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूची एक रेघ मारली आणि तिच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी. उजेडाची कड खालच्या रेघेवर यायला हवी. म्हणजे उजेड ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. ती वरच्या रेघेवर आली, तर उजेड जमिनीला टेकतच नाही. पुतण्याची दोन्ही कडे वर होती. मागचे स्क्रू फिरवून ती खाली आणली.

मग डाव्या दिव्यात मूळचा बल्ब ठेवला आणि उजव्यात त्याचा एलईडी. डावीकडे रेघ स्वच्छ होती. उजवीकडे उजेडाचे डाग पार गोदामाच्या खिडकीपर्यंत चढले होते. त्याला म्हटले, भिंतीपाशी जा आणि गाडीत बसल्यासारखा वाकून इकडे बघ. त्याने पाहिले, आणि लगेच डोळ्यांपुढे हात धरला.

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर कापते. दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद धरले, तर पन्नास मीटर माणूस आंधळाच चालवतो. साठीनंतर डोळ्यांतले भिंग गढूळ होते, तेव्हा तर विचारायलाच नको.

पुतण्या सहजी हार मानणारा नव्हे. "मग प्रोजेक्टर बसवू," म्हणाला. ही मंडळी स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये अख्खा हेडलाइट तापवून त्याचा डिंक सैल करतात, काच काढतात आणि आत भिंगवाला प्रोजेक्टर बसवतात. काम नीट झाले तर उजेडाची रेघ सुरेख येते, हे मान्य. पण परदेशातल्या, उजवीकडून चालणाऱ्या गाडीचा प्रोजेक्टर आणला, तर त्याची रेघ उजवीकडे चढते, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. डिंक नीट बसला नाही की पावसाळ्यात आत पाणी धरते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या सौ.नी ओव्हनचे नाव निघताच जो निकाल दिला, तो याहून कडक होता.

रात्री तो मूळच्या बल्बवर गावी गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला: रस्त्याची डावी कड आता लांबवर दिसते. पण समोरच्यांचे काय, हा त्याचा प्रश्न तसाच होता. त्याला माझ्या अंगणात उत्तर नाही. समोरून झोत आला की वेग कमी कर आणि नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेव, एवढेच सांगता आले. ट्रकच्या मागे 'यूज डिप्पर ॲट नाइट' लिहिलेले असते. ते वाचायला पुढे कोण जातो?

ट्रॉलीचे पुढे आमच्या वहिनींना कळलेच. त्यांना रिले आणि रेघ यांत काही रस नाही. 'पहिली पाळी मागून घे,' असे त्यांनी त्याला बजावले. त्याने अर्ज दिला आहे. साहेबांनी हंगाम संपल्यावर बघू म्हटले आहे, आणि ऊस अजून बराच उभा आहे.