डायफ्रॅमचा लकवा : पुढे काय?

'एक्स-रेमध्ये डायफ्रॅम वर सरकलेला दिसतोय,' असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, आता पुढे काय? उत्तर दोन गोष्टींवर ठरतं : लकवा एका बाजूला आहे की दोन्ही, आणि तो कशामुळे झाला.

डायफ्रॅम, म्हणजे श्वासपटल, हा छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. तो खाली सरकला की फुफ्फुसात हवा येते. त्याला चालवणारी फ्रेनिक नस मानेतून निघते. उजवीकडे एक, डावीकडे एक. हृदयाचं ऑपरेशन, मानेला मार, छातीतली गाठ, विषाणूचा संसर्ग, यांमुळे ती निकामी होऊ शकते. कधीकधी कारण सापडतच नाही.

एकाच बाजूचा लकवा असेल तर बऱ्याच जणांना बसल्याजागी काही जाणवत नाही. जिना चढताना, वाकताना दम लागतो. नस नुसती दुखावली असेल तर ती हळूहळू सुधारते. काही महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. नस तुटली असेल तर आशा कमी. त्रास फार असेल तर सैल पडलेला स्नायू चुण्या घालून ताणून बसवतात; या ऑपरेशनला प्लायकेशन म्हणतात.

दोन्ही बाजूंचं दुखणं गंभीर. आडवं पडलं की लगेच जीव घाबरतो, रुग्ण खुर्चीत बसून रात्र काढतो. घरच्यांना वाटतं, हृदयाचाच त्रास आहे. झोपेत श्वास उथळ होतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून सकाळी डोकं दुखतं, दिवसभर पेंग येते. फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही; कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. दुर्लक्ष झालं तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन दाखवतं. घरी मनाने ऑक्सिजन लावला तर आकडा छान दिसेल, पण आत कार्बन डायऑक्साइड वाढतच राहू शकतो. तो कळतो एबीजी या रक्ततपासणीत. अशा रुग्णांना बहुधा रात्री बायपॅप मशीनचा मास्क लागतो, आणि त्याने अनेकांना पुन्हा आडवं झोपता येतं.

तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : एक बाजू की दोन्ही? कारण काय? झोपेतला श्वास तपासायला हवा का? आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागला, बोलताना धाप लागली, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. तडक हॉस्पिटल गाठा.