आजोबाच्या वाटेवरचे रस्ते

नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका नर बिबट्याला 2009 साली जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. विद्या अत्रेया यांच्या अभ्यासातला हा बिबट्या ‘आजोबा’ म्हणून ओळखला जातो. तो घाटात थांबला नाही. कसाऱ्याजवळ रेल्वे, पुढे मुंबई-आग्रा महामार्ग, मग वसईची खाडी ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालून त्याने बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान गाठले. मुरबाड-शहापूरचा पट्टा सह्याद्री आणि मुंबईचे जंगल यांना जोडतो, याचा इतका थेट पुरावा दुसरा सापडणे कठीण. यावर कुणी म्हणेल, जनावर आपले आपण रस्ता ओलांडते, मग त्याच्यासाठी भुयारी मार्ग कशाला? पण 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने आजोबा मेला. शिवाय बिबट्या हा सगळ्यांत चिवट गडी. भेकर, पिसोरी, खवले मांजर यांना तसे धाडस जमत नाही. एकमेकांपासून तुटलेल्या कळपांतले रक्त ताजे राहायला पिढीमागे एखाददुसरे नवे जनावर पुरते असा ढोबळ हिशोब आहे, पण ते जिवंत पोचून तिथे प्रजनन करायला हवे. मध्य भारतातल्या वाघांच्या जनुकीय अभ्यासात प्राची थत्ते, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांना हेच दिसले: दाट वस्ती आणि वाहता रस्ता ही देवाणघेवाण अडवतात. समृद्धी महामार्गासारख्या दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या रस्त्यावर अपघात कमी होतील, पण खालून-वरून मार्ग ठेवले नाहीत तर वाटही बंद होते. गंमत म्हणजे याच महामार्गाचा इगतपुरी-कसारा दरम्यानचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा डोंगर तसाच राखून गेला आहे. जनावराच्या दृष्टीने तोच सर्वांत रुंद पूल.

बांधलेले मार्ग जनावरे वापरतात का, ही शंका पेंच व्याघ्र प्रकल्पाने मिटवली आहे. नागपूर-शिवनी महामार्गाखाली 50 ते 750 मीटर लांबीचे नऊ मार्ग ठेवले गेले, आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी 2019 मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात तिथे 18 जातींचे वन्यप्राणी टिपले, त्यांत 11 वाघ. मात्र पेंचला मार्गाच्या दोन्ही तोंडांशी जंगल आहे. आपल्याकडे, मुरबाड-शहापूरला, तिथे सातबारा आहे. आज भातखाचर, उद्या एनए प्लॉट, परवा फार्महाऊसचे कंपाऊंड. मग कोट्यवधींचा भुयारी मार्ग कुणाच्या तरी भिंतीवर जाऊन संपतो. म्हणून काँक्रीटइतकाच तोंडाशी असलेल्या जमिनीचा वापर ठरवणे हा त्याच बांधकामाचा भाग मानला पाहिजे, आणि शेतकऱ्याला त्याचा मोबदलाही मिळाला पाहिजे.

असे मार्ग केल्याने बिबटे गावात येतील, ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. पण नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या उसात जंगल नसतानाही बिबटे राहतात, हे अत्रेया यांच्याच अभ्यासातून पुढे आले. मार्ग नाकारल्याने बिबट्या नाहीसा होत नाही, रात्री डांबरावर येतो. म्हणून याच पट्ट्यातल्या शहापूर-मुरबाड-म्हसा-कर्जत रस्त्याचे प्रत्येक काम निघाले की ओढ्यांवरच्या मोऱ्या उंच करून पाण्याच्या कडेने कोरडी वाट ठेवणे हे जनावरांसाठीच्या उपायांतले सर्वांत स्वस्त काम आहे. ते नकाशातच धरले तर. रस्ता झाल्यावर फोडून करायचे तर नाही.