पगार साठ हजार युरो, पण हातात किती?



गेल्या शाबानमध्ये आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अब्बा सकाळी सकाळी घरी आले. हातात दोन कागद. मुलगा नांदेडहून इंजिनिअर झालेला, दोन-अडीच वर्षे पालममध्येच घराच्या माडीवर बसून एका जर्मन कंपनीचे काम करतो. लाईट गेली की इन्व्हर्टर, नेट गेले की मोबाईल. आता त्या कंपनीने ड्युसेलडॉर्फला बोलावले आणि त्याच आठवड्यात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका कंपनीचेही पत्र आले. दोन्हीकडे वर्षाला ६० हजार युरो. "सर, पगार सारखाच आहे, मग जर्मनीच बरी ना? नाव मोठे आहे," असे त्यांचे म्हणणे. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे, कर हा काही आमचा विषय नाही. पण कागद वाचायचे ठरले, आणि वाचता वाचता जे हाती लागले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहोत.

आधी माडीवरच्या कामाचे. "कंपनी जर्मनीची, म्हणजे टॅक्स तिकडेच कापला असेल," अशी घरात सर्वांची समजूत होती. तिकडे एक पैसाही कापला नव्हता. माणूस ज्या देशात राहतो आणि जिथे बसून काम करतो, कराचा पहिला हक्क त्या देशाचा. वर्षातून १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेल्या माणसाला जगात कुठूनही आलेल्या कमाईवर इथे कर लागतो. आणि परदेशी कंपनी इथला टीडीएस कापत नाही, म्हणून आगाऊ कर आपणच भरायचा असतो. साधारणपणे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा चार हप्त्यांत. या मुलाने पहिल्या वर्षी तो भरला नाही. शेवटी परभणीच्या सीएकडे गेल्यावर कराबरोबर महिन्याला एक टक्का व्याजही भरावे लागले. ज्या घरात व्याजाच्या पैशाला कुणी हात लावत नाही, त्या घराने निव्वळ बेखबरीने व्याज भरले. अब्बांना ती रक्कम फार मोठी नव्हती, तो शब्द लागला.

आता ते दोन कागद. आकडे २०२५ सालचे आहेत आणि आम्ही ढोबळच धरले आहेत.

जर्मनीत पहिल्या १२,०९६ युरोंवर कर नाही. त्यापुढे १४ टक्क्यांपासून चढत चढत ४५ टक्क्यांपर्यंत दर जातो. पण खरी कात्री कराची नसून विम्याची आहे. पेन्शन, आजारपण, बेकारी आणि म्हातारपणची देखभाल, या चौघांत मालकाचा वाटा वेगळा आणि नोकराचा वेगळा. एकट्या माणसाच्या ६० हजारांतून कर साडेनऊ हजारांच्या आसपास आणि विमे सुमारे तेरा हजार जातात. हातात उरतात साडेसदतीस हजार.

नेदरलँड्समध्ये दर ऐकूनच माणूस घाबरतो: सुरुवातच ३५.८२ टक्क्यांनी. मात्र त्यातले २७.६५ टक्के सामाजिक विम्याचेच असतात आणि काम करणाऱ्याला करातून चांगली सूटही मिळते. ६० हजारांवर कर सव्वासोळा हजारांच्या जवळ, हातात ४३,७०० युरो. आरोग्य विमा मात्र प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतः घ्यायचा, महिन्याला सुमारे १६० युरो. कंपनीची पेन्शन असेल तर तिचा वाटा आणखी कापला जातो, तो कंपनीला विचारावा.

आणि एक खास सवलत आहे. परदेशातून बोलावून आणलेल्या कुशल माणसाच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंत भाग पाच वर्षे करमुक्त राहतो. अट अशी की ती सूट वजा करून उरलेला पगार ४६,६६० युरोंच्या खाली जाता कामा नये. म्हणून आमच्या मुलाला १८ हजारांची पूर्ण सूट बसत नाही, १३ हजारांच्या वर थोडी बसते. (तिशीच्या आतला आणि मास्टर्सची डिग्री असलेला असता तर अट बरीच सैल होती. बी.ई. झाल्यावर "आता शिक्षण बस" म्हणणारे अब्बाच होते, हे आम्ही त्यांना आठवून दिले नाही!) तरीही हातात पन्नास हजारांच्या वर उरतात. २०२७ पासून ३० चे २७ टक्के होणार आहेत आणि पगाराची अटही वाढणार आहे, हे धरून चालावे.

इथेच एक फार मोठी चूक होता होता राहिली. अब्बांचा विचार होता की आधी दोन वर्षे ड्युसेलडॉर्फला जावे, मग वाटले तर आइंडहोवनला. पण या सवलतीसाठी कामावर लागण्याआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ महिन्यांहून जास्त काळ माणूस डच सरहद्दीपासून १५० किलोमीटरच्या पलीकडे राहिलेला असावा लागतो. पालम बसते, ड्युसेलडॉर्फ बसत नाही. शिवाय अर्ज मालक आणि नोकर दोघांनी मिळून करायचा. तो चार महिन्यांत गेला तरच सूट पहिल्या दिवसापासून मिळते.

स्वस्त भाड्याचे घर जर्मनीत घेऊन डच कंपनीचे काम घरूनच करायचे, ही युक्तीही मुलाने ऐकली होती. घरी बसून केलेल्या कामाचा कर जर्मनी मागते. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी वर्षाला ३४ दिवसांपर्यंतची सवड देणारा करार केला, पण ती अधूनमधून घरून काम करणाऱ्यांसाठी आहे.

मग आला सुनेचा प्रश्न. निकाह सहा महिन्यांपूर्वी झाला. अम्मींचे म्हणणे, पोरीने दोन वर्षे इथेच राहावे, मुलाने एकट्याने जाऊन बस्तान बसवावे. जर्मनीत नवरा-बायकोचा कर एकत्र धरतात. बायको कमावत नसेल तर हातात वर्षाला चार-साडेचार हजार युरो जास्त येतात, आणि तिचा आरोग्य विमा नवऱ्याच्या विम्यातच फुकट होतो. पण ती जर्मनीत राहत असेल तर! पालमला राहिली तर तिकडचा कर खाते त्याला एकटाच समजते. मुलांसाठी महिन्याला २५५ युरोंचा भत्ता मिळतो, तोही इथे राहणाऱ्या मुलांना मिळत नाही. नेदरलँड्समध्ये बहुतेक हिशेब माणशी वेगवेगळा, बायको आली तर तिच्या विम्याचा खर्च वाढतो. दोघांचे धरले तर सवलतीच्या पाच वर्षांत नेदरलँड्स पुढे: साडेशेचाळीस हजार विरुद्ध बेचाळीस हजार. सवलत संपली की तिथे चाळीस हजारांच्या थोडे खाली येते आणि जर्मनी पुढे जाते. डच कायद्यात घरकर्जाच्या व्याजावर करात सूट आहे, तिचा व्याजी कर्ज न घेणाऱ्याला काय उपयोग? ती आम्ही हिशेबात धरलीच नाही.

अम्मींनी दुसराच कागद पुढे केला. जर्मनीत नगरपालिकेत नाव नोंदवताना धर्म विचारतात. "का विचारतात?" तिथे चर्चच्या सभासदांकडून आयकराच्या आठ-नऊ टक्के चर्च-कर घेतात, त्यासाठी. मुसलमानाला तो लागत नाही, घाबरण्याचे कारण नाही. आणि जाता जाता: इतका कर कापला म्हणजे जकात त्यातच आली, असे काही मुले म्हणतात. कर सरकारचा. जकात हातात आलेल्या, निसाबाइतक्या, वर्षभर राहिलेल्या मालावर, अडीच टक्के.

शेवटी आइंडहोवन ठरले, दोघांनी मिळून जायचे. अम्मी दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी सुनेसाठी लोकर आणायला त्याच बाजारात गेल्या. मुलाने कंपनीकडून सवलतीच्या अर्जाबद्दल लेखी घेतले. निघायची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली धरली, कारण एप्रिलपासून मोजून १८२ दिवस इथे भरले तर त्या सालची तिकडची कमाईही भारताच्या हिशेबात येते. मग तिकडे भरलेल्या कराचे दाखले जोडून वजावट मागत बसायचे. भारत आणि नेदरलँड्समध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार १९८८ चा आहे, तो कामी आला असता, पण कागदांचा व्याप टळलेला बरा.

आता बचत खाते अनिवासी खात्यात बदलायचे राहिले आहे. त्यासाठी तो दोनदा जाऊन आला. साहेबांनी सोमवारी बोलावले आहे.